यकृत, कॅन्सर आणि ‘इम्युनिटी’: वाचकांचे प्रश्न

यकृताच्या आजारांबद्दल येणाऱ्या पत्रांत एक मागणी हमखास असते: प्रतिकारशक्ती वाढवायला काहीतरी सांगा. यकृताच्या बाबतीत ही मागणी बऱ्याचदा भलत्याच दिशेची ठरते. काही आजारांत प्रतिकारशक्ती नको तिथे तुटून पडते, काहींत हवी तिथे गप्प बसते, आणि कधीकधी एकाच माणसात दोन्ही चाललेलं असतं. या वेळचे प्रश्न त्याच अंगाने निवडले आहेत. नावं-गावं काढून टाकली आहेत. कुणाचेही रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा इथलं वाचून चालू गोळ्या बदलू नका.

प्रश्न: वडिलांना (वय ६१) फॅटी लिव्हर आहे आणि आता सुरुवातीचा सिरॉसिस सांगितला आहे. शेजारचे काका म्हणतात, रोज सकाळी गुळवेलीचा काढा द्या, इम्युनिटी वाढली की लिव्हर आपोआप सुधारेल. द्यावा का?

देऊ नका. कारण थोडं लांबून सांगावं लागेल.

यकृताला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त मिळतं आणि त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येतं. त्यात पचलेलं अन्न असतं, तसे आतड्यातल्या जिवाणूंचे अवशेषही असतात. हे गाळून घ्यायला यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांत कुप्फर पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. शरीरात अशा एका जागी राहणाऱ्या जेवढ्या भक्षक पेशी आहेत, त्यांतल्या ८० ते ९० टक्के एकट्या यकृतात. या पेशी गिळतात पुष्कळ, पण बोभाटा करत नाहीत. पंगतीला येणाऱ्या प्रत्येकाला दारात अडवून ‘आपण कोणाकडचे?’ असं विचारत बसलं तर पंगत उठायचीच नाही, तसंच हे. यकृताची ही सोशिकता किती असावी? १९६९ मध्ये रॉय काल्न या ब्रिटिश सर्जनने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका डुकराचं यकृत दुसऱ्याला बसवलं आणि प्रतिकारशक्ती दाबणारं कुठलंही औषध दिलं नाही, तरी कित्येक डुकरांत ते टिकलं. किडनी किंवा त्वचेच्या बाबतीत असं सहसा होत नाही.

फॅटी लिव्हरमध्ये हीच सोशिकता बिघडते. चरबीने फुगलेल्या पेशी मरू लागतात, त्यांच्यामुळे भक्षक पेशी चेततात, सूज येते, आणि सूज वर्षानुवर्षं राहिली की व्रण धरतात. तुमच्या वडिलांचा सिरॉसिस म्हणजे हेच व्रण. तिथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती आधीच चेतलेली आहे. तिला आणखी चेतवून काय साधणार?

आता गुळवेल. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात, म्हणजे कोविडच्या भीतीने घरोघरी काढे उकळत होते तेव्हा, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे सहा रुग्ण यकृताला इजा होऊन आलेले दिसले. त्यांनी ते २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांची माहिती आली. इजेचं रूप बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारपेशी यकृतावर उलटलेल्या. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. हा वाद तज्ज्ञांनी चालवावा, सिरॉसिस असलेल्या माणसाच्या पोटात त्याचा निकाल लावायला जाऊ नये.

वडिलांसाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के कमी झालं तरी यकृताची सूज आणि काही जणांत व्रणसुद्धा उतरतात. साखर आटोक्यात, दारू शून्य. आणि हिपॅटायटिस ए, हिपॅटायटिस बी, फ्लू, न्यूमोकोकल या लसींबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारा. काकांना वाईट वाटलं तर चहा पाजा.

प्रश्न: मी पाच महिन्यांची गरोदर आहे. तपासणीत हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाला. एसजीपीटी नॉर्मल आहे, मला काहीच त्रास नाही. डॉक्टर म्हणतात, लिव्हर चांगलं आहे, पण बाळ जन्मल्याबरोबर दोन इंजेक्शनं द्यायची. सासूबाईंना वाटतं, एवढ्याशा जिवाला लगेच कशाला टोचायचं? आणि लिव्हर चांगलं आहे तर काळजी तरी कसली?

सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा.

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत मुक्काम करतो, पण त्या पेशीला तो सहसा स्वतः मारत नाही. मारतात आपल्याच टी पेशी, विषाणू बसलेली पेशी ओळखून. कावीळ, वाढलेला एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हा सगळा त्या लढाईचा धूर. म्हणून एसजीपीटी नॉर्मल असणं याचा एक अर्थ ‘विषाणू थोडा आहे’ असा असू शकतो आणि दुसरा अर्थ ‘विषाणू भरपूर आहे, पण लढायला कोणी उठलेलं नाही’ असाही. तुमच्या बाबतीत कोणता, हे रक्तातल्या विषाणूच्या डीएनएच्या मोजणीवरून कळेल. ती तपासणी झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या.

बाळाचं गणित इथेच वेगळं होतं. धडधाकट मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर ९५ टक्क्यांहून अधिक जण स्वतःच्या बळावर तो संपवतात. नवजात बाळाला झाला तर सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो. विषाणू तोच, डोस तोच. फरक आहे तो समोरच्या प्रतिकारयंत्रणेच्या वयाचा. नवजात बाळाची यंत्रणा त्याला परका मानून निकराने लढतच नाही. वर्षानुवर्षं त्या विषाणूला सामोऱ्या गेलेल्या टी पेशी पुढे थकतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा लगाम उगवतो. त्याच्याबद्दल पुढे बोलायचं आहे, नाव लक्षात ठेवा. मग तिशी-चाळिशीत कधीतरी लढाई पेटते, सिरॉसिस होतो, कॅन्सर होतो. हिपॅटायटिस बीमध्ये कॅन्सर सिरॉसिसशिवायही होऊ शकतो, कारण विषाणूचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसून बसतो.

म्हणून ती दोन इंजेक्शनं. एक लस आणि दुसरं तयार प्रतिपिंडांचं, ज्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. लस पहिल्या २४ तासांच्या आत, जमल्यास दोन्ही १२ तासांच्या आत. बाळाची यंत्रणा लसीला मात्र उत्तम उत्तर देते. तैवानने जुलै १९८४ मध्ये बाधित मातांच्या बाळांपासून लसीकरण सुरू केलं आणि दोन वर्षांत ते सगळ्या नवजात बाळांना लागू केलं. तिथे ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला. कॅन्सर टाळणारी माणसाची ही पहिली लस. पुष्कळांना अजून ती काविळीचीच लस वाटते. आपल्याकडे २०११ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात आहे: जन्मतः, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना.

तुमचा विषाणू मिलिलिटरमागे २ लाख आंतरराष्ट्रीय एककांच्या वर असेल तर सातव्या महिन्याच्या सुमाराला टेनोफोविरची रोज एक गोळी सुरू करतात, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी विषाणू कमी असतो. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. यजमानांची आणि तुमच्या आई-भावंडांची तपासणी करा. हा विषाणू आपल्याकडे बऱ्याच घरांत आईकडूनच पुढे गेलेला असतो आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ता नसतो.

एक गोष्ट विचारलेली नाही, तरी सांगते. टेनोफोविर विषाणूच्या प्रती काढणं थांबवतं, पण पेशीच्या केंद्रकात विषाणूने ठेवलेल्या मूळ प्रतीला ते हात लावू शकत नाही. त्यामुळे गोळ्या सहसा वर्षानुवर्षं चालतात. ती मूळ प्रत मुकी करणं आणि थकलेल्या टी पेशींना उठवणं, या दोन्ही वाटांनी संशोधन चालू आहे. बेपिरोव्हिरसेन या इंजेक्शनच्या २०२२ मधल्या चाचणीत २४ आठवड्यांच्या उपचारानंतर ९ ते १० टक्के रुग्णांत विषाणूचं आवरण-प्रथिन आणि डीएनए दोन्ही दिसेनासे झाले आणि औषध थांबवल्यावरही पुढचे २४ आठवडे तसेच राहिले. दहातला एक. फार नाही, पण साध्या गोळ्यांनी एवढंही क्वचित होतं.

प्रश्न: संधिवातासाठी रिटक्सिमॅब द्यायचं ठरलं आहे. त्याआधी हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या लिहून दिल्या आहेत. मला आयुष्यात कधी कावीळ झालेली नाही. हा उगाच खर्च नाही का?

नाही. वर म्हटलेली मूळ प्रत ‘बऱ्या झालेल्या’ माणसातही पेशींत पडून असते आणि प्रतिकारयंत्रणा तिला जन्मभर दाबून ठेवते. रिटक्सिमॅब ही पकड सैल करतं. विषाणू परत उठतो, आणि पुढे यंत्रणा सावरली की ती सगळ्या यकृतावर एकदम तुटून पडते. यात माणसं दगावली आहेत. दोन तपासण्यांपैकी एक आजचा संसर्ग दाखवते, दुसरी जुन्या संसर्गाची खूण. कावीळ झाल्याचं आठवत नाही याला अर्थ नाही; बहुतेकांना संसर्ग झाल्याचं कळतच नाही. दुसरी तपासणी पॉझिटिव्ह आली तरी रिटक्सिमॅब बहुधा मिळेलच, सोबत एक गोळी वाढेल एवढंच.

प्रश्न: सासऱ्यांना (वय ६८, मधुमेह, दारू कधीच नाही) यकृतात मोठी गाठ आहे आणि ती रक्तवाहिनीत शिरली आहे. ऑपरेशन होणार नाही म्हणाले. दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीची दोन सलाइन सांगितली आहेत, पण आधी एंडोस्कोपी करा म्हणतात. कॅन्सर यकृताचा, मग दुर्बीण घशातून कशाला? शिवाय नेटवर वाचलं की फॅटी लिव्हरमुळे झालेल्या कॅन्सरवर हे औषध उलट परिणाम करतं. खरं आहे?

एंडोस्कोपी आधी, कारण दोनांपैकी एक औषध, बेवासिझुमॅब, रक्तस्रावाचा धोका वाढवतं. सिरॉसिसमध्ये यकृतातून रक्त पुढे सरकत नाही, ते अन्ननलिकेच्या शिरांमध्ये तुंबतं आणि त्या शिरा फुगतात. अशा शिरा असतील तर आधी त्यांना रबरी बँड लावतात किंवा औषधाने दाब कमी करतात. ही पायरी गाळू नका.

दुसरं औषध अ‍ॅटेझोलिझुमॅब. मघाचा पीडी-१ लगाम इथे येतो. गाठीच्या पेशी आणि त्यांच्या आसपासच्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रथिन पुढे करून टी पेशीचा हा लगाम ओढतात. अ‍ॅटेझोलिझुमॅब त्या प्रथिनाला झाकून टाकतं. हा लगाम आणि सीटीएलए-४ नावाचा दुसरा लगाम सैल करून कॅन्सरवर उपचार करण्याची वाट शोधल्याबद्दल तासुकू होन्जो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. यकृताच्या गाठीत मात्र एकट्या लगामाचं औषध पुरेसं पडलं नाही. गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या वाढवायला जो रेणू सोडते, तोच टी पेशींना आत शिरू देत नाही. बेवासिझुमॅब त्या रेणूला अडवतं, म्हणून ही जोडी.

आकडे सांगते, कारण ‘इम्युनोथेरपी’ या नावाने घरात आशा फार उंच जाते. ५०१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जुन्या सोराफेनिब गोळीवरच्या रुग्णांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) १३.४ महिने होतं, या जोडीवर १९.२ महिने. गाठ लक्षणीय लहान झाली ती सुमारे ३० टक्के लोकांत, पूर्ण नाहीशी झाली ती दहातल्या एकापेक्षाही कमी जणांत. दुसऱ्या एका जोडीत, ड्युरव्हॅलुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब, तीन वर्षांनी ३०.७ टक्के रुग्ण हयात होते, सोराफेनिबवर २०.२ टक्के. म्हणजे बहुतेकांना काही महिने मिळतात आणि थोड्यांना वर्षं. कोण त्या थोड्यांत येईल हे आधी ओळखणारी खात्रीची तपासणी आज नाही. आणखी एक अट: या चाचण्यांत यकृताचं काम बऱ्यापैकी टिकून असलेलेच रुग्ण घेतले होते. सासऱ्यांच्या पोटात पाणी असेल, कावीळ असेल, तर हे आकडे त्यांना लागू पडत नाहीत. यकृत किती काम करतंय ते सांगणारा एक गुणांक असतो; डॉक्टरांना ‘चाइल्ड-प्यू स्कोर किती?’ एवढं विचारा.

आता नेटवरची बातमी. ती खोटी नाही, अर्धवट आहे. २०२१ मध्ये हायडेलबर्गच्या माथियास हायकेनवेल्डर यांच्या गटाने उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. फॅटी लिव्हरची सूज असलेल्या उंदरांच्या यकृतात पीडी-१ असलेल्या टी पेशी खच्चून भरल्या होत्या, पण त्या गाठीला मारत नव्हत्या, यकृतालाच इजा करत होत्या. लगाम काढल्यावर इजा वाढली आणि गाठीही वाढल्या. त्याच निबंधात तोवरच्या मोठ्या मानवी चाचण्यांची बेरीज करून दाखवलं होतं की विषाणूमुळे झालेल्या कॅन्सरमध्ये फायदा दिसतो, इतरांत तितका दिसत नाही. निबंध उत्तम आहे, मी तो विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देते. पण ‘विषाणू नसलेला’ या एका खान्यात दारूवाले, मधुमेही, कारण न सापडलेले असे सगळे एकत्र कोंबलेले असतात. आणि पुढे ड्युरव्हॅलुमॅबच्या जोडीने विषाणू नसलेल्या रुग्णांतही फायदा दाखवला. त्यामुळे केवळ फॅटी लिव्हर आहे म्हणून कोणी हे उपचार नाकारत नाही. सासऱ्यांसाठी पर्याय शोधताना मी ती बातमी तागडीत धरणार नाही.

लगाम काढल्याचे दुष्परिणाम मात्र लक्षात ठेवा. त्याच टी पेशी आतडं, थायरॉइड, त्वचा, फुप्फुस आणि यकृतावरही उतरू शकतात. जुलाब, दम, डोळे पिवळे होणं, कमालीचा थकवा यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या सलाइनची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. वेळेत स्टेरॉइड दिलं की बहुतेकदा आवरतं.

प्रश्न: बहिणीचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला आहे. इम्युनोथेरपी मागितली तर म्हणाले, तुमच्या बाबतीत उपयोग नाही. पैसे भरायची आमची तयारी आहे.

हा प्रश्न पैशांचा नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये आधी गाठीची एमएसआय किंवा एमएमआर तपासणी बघतात, म्हणजे पेशींची डीएनए दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का ते. डीएनए दुरुस्तीची यंत्रणा मोडलेल्या थोड्या गाठींत इम्युनोथेरपी झकास चालते. बाकीच्यांत जवळजवळ नाहीच. बहिणीच्या बायोप्सी रिपोर्टवर हा निकाल आहे का, ते पाहा. नसेल तर मागून घ्या.

यकृतात पसरणं ही वेगळी अडचण. मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांत आधीच दिसलं होतं की यकृतात गाठी असतील तर शरीरात इतरत्र असलेल्या गाठीसुद्धा इम्युनोथेरपीला कमी दाद देतात. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये उंदरांत त्याचं कारण दाखवलं: यकृतातल्या गाठी रक्तातल्या लढाऊ टी पेशी आपल्याकडे ओढून घेतात आणि तिथल्या भक्षक पेशी त्यांना मरायला लावतात. यकृताची सोशिकता कॅन्सरच्या पथ्यावर पडते, ती अशी. यकृतातल्या गाठींना रेडिएशन दिल्यावर उंदरांत औषध पुन्हा चालू लागलं. माणसांत ते सिद्ध व्हायचं आहे. तोवर एक मात्र विचारा: यकृतातल्या गाठी शस्त्रक्रियेने काढता येतील का? आतड्याच्या कॅन्सरमध्ये तो मार्ग काही जणांना खुला असतो.

प्रश्न: भावाला दारूमुळे यकृताला सूज आली आहे, डोळे हळदीसारखे पिवळे. स्टेरॉइड सुरू केलं आणि सात दिवसांनी ‘चालू ठेवायचं की नाही ते बघू’ म्हणाले. इन्फेक्शनची भीती आहे असंही म्हणतात. मग प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कशासाठी?

तुम्ही बरोबर नस पकडली आहे. दारूच्या हिपॅटायटिसमध्ये दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी चालतात. आतड्याचं अस्तर गळकं होतं, जिवाणूंचे अंश यकृतात पोचतात, आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, यकृतात घुसून जाळपोळ करतात. दुसरीकडे, रक्तातल्या त्याच पेशी खऱ्या जिवाणूला मारण्यात ढिल्या पडलेल्या असतात. स्टेरॉइड पहिली गोष्ट शांत करतं, दुसरी बिघडवतं. ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१५) २८ दिवसांतले मृत्यू स्टेरॉइडने थोडे कमी दिसले, पण फरक खात्रीने म्हणावा एवढा नव्हता. गंभीर जंतुसंसर्ग मात्र १३ टक्के विरुद्ध ७ टक्के. म्हणून सातव्या दिवशी बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य) वगैरेंवरून लिल स्कोर काढतात, स्टेरॉइडचा उपयोग होतोय का ते बघायला. सुधारणा नसेल तर स्टेरॉइड बंद. तुमचे डॉक्टर शिस्तीत चालले आहेत.

पोटात पाणी असेल तर सुईने थोडं काढून तपासायला नकार देऊ नका. ‘पाणी काढलं की माणूस खंगतो’ हा समज फार नुकसान करतो. त्या पाण्यात घनमिलिमीटरमागे २५० किंवा जास्त न्यूट्रोफिल निघाले की संसर्ग धरून अँटिबायोटिक लगेच सुरू करतात, कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीची, वाट पाहत नाहीत. कल्चरची बाटली खाटेशीच भरलेली बरी. प्रयोगशाळेत नेऊन भरली तर जंतू सापडण्याचं प्रमाण कमी होतं.

दिल्लीच्या आयएलबीएस या यकृतरोग संस्थेत डॉ. शिवकुमार सरीन यांच्या गटाने अशा रुग्णांत निरोगी माणसाच्या आतड्यातले जिवाणू देऊन पाहिले आहेत. निष्कर्ष आशादायक आहेत, अभ्यास अजून लहान आहेत. दारू पुन्हा सुरू झाली तर यातलं काहीच टिकत नाही. भावाला घरी नेण्याआधीच व्यसनमुक्तीची व्यवस्था लावा.

प्रश्न: सिरॉसिससाठी ‘स्टेम सेल’ उपचारांची जाहिरात पाहिली. काही लाखांत यकृत नवं होतं म्हणे.

पैसे वाचवा. याच दिशेचं प्रामाणिक संशोधन कसं असतं ते एडिनबरात पाहा. तिथे रुग्णाच्याच रक्तातल्या पेशींपासून भक्षक पेशी वाढवून त्या परत दिल्या, कारण काही भक्षक पेशी व्रण विरघळवू शकतात. २०१९ मध्ये उपचार सुरक्षित दिसला. पुढच्या, तुलना करणाऱ्या चाचणीत यकृताच्या आजाराची तीव्रता मोजणारा मेल्ड स्कोर ठरवल्याइतका सुधारला नाही, गुंतागुंती मात्र कमी दिसल्या. संशोधकांनी दोन्ही लिहिलं. चाचणीत सहभागी व्हायला रुग्णाकडून लाखो रुपये मागत नाहीत, ही साधी खूण ध्यानात ठेवा.

प्रश्न: मुलीला (वय २३) ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे. गोळ्यांनी एसजीपीटी नॉर्मल झाला. लग्न ठरतंय. आता गोळ्या बंद करता येतील का? मूल होईल ना?

एसजीपीटी नॉर्मल आला तो गोळ्यांमुळे. या आजाराची बायोप्सी पाहिली तर चित्र स्वच्छ दिसतं: रक्तवाहिन्यांच्या जुडग्याभोवती जमलेल्या लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी आपली हद्द ओलांडून कडेच्या यकृतपेशी कुरतडत असतात. रक्त नॉर्मल झाल्यावरही ही कुरतड बरेच महिने मंदपणे चालू राहू शकते. म्हणून एसजीपीटी आणि आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) दोन्ही निदान दोन वर्षं सलग नॉर्मल राहिल्याशिवाय बंद करण्याचा विषयही काढत नाहीत. गोळ्या बंद केल्या तरी निम्म्याहून अधिक जणांत आजार परततो. तो परतताना कधीकधी यकृत निकामी करून जातो. अचानक बंद तर कधीच नाही.

मूल होईल. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांपैकी अ‍ॅझाथायोप्रिन गरोदरपणात सहसा चालू ठेवतात. मायकोफेनोलेट असेल तर ते मात्र आधीच बदलावं लागतं, त्याने गर्भात व्यंग येतं. तेव्हा लग्नानंतर डॉक्टरांना आधी भेटायचं, मग पुढचा विचार. आणि मुलाकडच्यांपासून हे लपवू नका. रोजच्या गोळ्या फार दिवस लपत नाहीत.

प्रश्न: मुंबईत तयार झालेली स्वस्त कार-टी सेल थेरपी यकृताच्या कॅन्सरला मिळेल का? आणि इम्युनोथेरपीचा छोटा डोस चालतो असं ऐकलं, तो आमच्या काकांना देता येईल?

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-१९ ही थेरपी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. अभिमान वाटावा असंच काम आहे, पण ती बी पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. रुग्णाच्या टी पेशींना सीडी-१९ ही खूण ओळखायला शिकवतात, आणि ती खूण यकृताच्या गाठीवर नसते. यकृताच्या गाठीसाठी ग्लायपिकन-३ ही खूण उपयोगी दिसते: गर्भाच्या यकृतात असते, मोठ्या माणसाच्या निरोगी यकृतात जवळजवळ नसते, बऱ्याच यकृत-कॅन्सरमध्ये परत उगवते. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनने २०२४ मध्ये दाखवलं की या खुणेवर सोडलेल्या साध्या कार-टी पेशींनी गाठी लहान झाल्या नाहीत, पण त्याच पेशींना आयएल-१५ची (टी पेशींना जगवणाऱ्या प्रथिनाची) शिदोरी दिल्यावर एक तृतीयांश रुग्णांत झाल्या. रुग्ण मोजके होते. दवाखान्यात मागता येईल असा उपचार हा अजून नाही.

छोट्या डोसचा अभ्यासही टाटाचाच, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला, पण डोकं आणि मानेच्या कॅन्सरवरचा. दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब (पीडी-१ लगाम सोडवणारं औषध), म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहून कमी, गोळ्यांच्या केमोसोबत दिलं. एका वर्षानंतर ४३.४ टक्के रुग्ण हयात होते, नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के. आपल्या देशासाठी या दशकातलं कॅन्सरचं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं असं विचारलंत, तर मी याचं नाव घेईन. यकृताच्या कॅन्सरला तोच नियम लावता येईल असं मात्र यातून सिद्ध होत नाही. काकांना पूर्ण डोस झेपत नसेल तर छोट्या डोसची गोष्ट कॅन्सरतज्ज्ञांशी उघडपणे बोला. आणि जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारा, ते सगळ्यांत आधी.

प्रश्न: चार वर्षांपूर्वी बायकोने मला यकृताचा भाग दिला. सगळं उत्तम आहे. डुकरांना गोळ्या लागत नाहीत असं तुमच्याच एका व्याख्यानात ऐकलं होतं. मग मी त्या सोडू का?

डुकरांचा दाखला मी यापुढे जपून देईन.

काही माणसांत खरंच असं होतं. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आई किंवा वडिलांचं यकृत मिळालेल्या, पूर्ण स्थिर अशा २० मुलांच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. १२ जणांना त्या पुन्हा लागल्या नाहीत. पण ती मुलं निवडून घेतलेली होती, गोळ्या कित्येक महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवल्या होत्या आणि रक्त सतत तपासलं जात होतं. उरलेल्या आठांचं काय झालं असतं, जर कोणी पाहत नसतं? तुम्हीही त्या बारांतले असाल, नसालही. आज कुठलीही एक तपासणी ते आधी सांगत नाही. शिवाय तुमचं मूळ दुखणं ऑटोइम्यून असेल तर ते नव्या यकृतातही परतू शकतं.

डोस कमी करायचा असेल, आणि चार वर्षांनी तो बहुधा कमी झालेलाच असेल, तर प्रत्यारोपणाच्या टीमशी बोलून करा. टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची) रक्तातली पातळी तपासायला जाल त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. आधी घेतली तर आकडा फुगलेला येतो आणि डोस नको तितका खाली आणला जातो.